लोकेशन कुठं पडलं, मॅडम?

डिसेंबरातली रात्र, मी नाइट ड्युटीवर. सव्वाअकराला एक माणूस भावाला घेऊन पोलीस ठाण्यात आला. बायको संध्याकाळपासून घरी नाही म्हणाला आणि मोबाइल पुढं केला. तिचा व्हॉट्सॲप मेसेज होता, ‘आता माझी वाट पाहू नका.’ त्याच्या वरचे दोन-तीन मेसेज डिलीट केलेले.

“जिवाचं काही करून घेईन ते. लोकेशन काढून द्या नं मॅडम.”

अशा वेळी खरं-खोटं करत बसता येत नाही. मिसिंग दाखल केली. अंगावर काय होतं, हे त्याला सांगता येईना. बहुतेक नवऱ्यांना येत नाहीच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

लोकांना वाटतं, पोलिसांनी नंबर टाकला की नकाशावर ठिपका उमटतो. आम्हाला कंपनीच्या नोडल ऑफिसरकडं मागावं लागतं, तेही उपायुक्त साहेबांच्या मेलवरून. पत्रात पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 91 लिहायचो, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 94. साहेबांना झोपेतून उठवलं. जिवाचा प्रश्न म्हटल्यावर त्यांनी एका वाक्यात होकार दिला, तरी उत्तर यायला चाळीस मिनिटं गेली. आणि आलं काय, तर टॉवरचा पत्ता आणि दिशा. टॉवरला साधारण तीन तोंडं असतात, त्यातल्या कुठल्या तोंडाला फोन लागलाय एवढंच कळतं. भाकरीचा तिसरा हिस्सा हातात येतो, त्यातला माणूस आपणच हुडकायचा.

आमच्या हिश्शात एकीकडं नागपूरचा गांधीसागर तलाव होता, दुसरीकडं गणेशपेठचं एसटी स्टँड.

इथं माझी चूक झाली. त्या दोघांसमोरच मी हवालदारांना म्हणाले, “गणेशपेठकडं गाडी काढा.”

जिवाचा प्रश्न, म्हणून आधी तलाव. जुने लोक अजून त्याला शुक्रवारी तलाव म्हणतात. काठानं टॉर्च मारत पूर्ण फेरी घातली, चहाच्या टपरीवाल्याला उठवलं, कठड्यावर पडलेली एक चप्पल पाहून काळजात धस्स झालं. ती पुरुषाची निघाली. थंडीतही माझ्या पाठीला घाम होता. नवरा मागं मागं होता, दर पाच मिनिटांनी तेच, “नवीन लोकेशन पडलं का?” हवालदार माझ्या कानाशी आले. “मॅडम, हा पाण्याकडं पाहूनच नाही राहिला.”

खरंच, तो रस्त्याकडं पाहत होता. आणि त्याचा भाऊ कुठंच नव्हता.

एका शिपायाला नवऱ्याजवळ थांबवून आम्ही स्टँडवर गेलो. भावाची मोटरसायकल गेटपाशीच उभी होती. तो फलाटांवर बाकं तपासत हिंडत होता. मी तडक बायकांच्या प्रतीक्षालयात शिरले. कोपऱ्यात शाल गुंडाळून बसलेली, मांडीवर पाचेक वर्षांची पोर झोपलेली. पोरीचा तर नवऱ्यानं उल्लेखही केला नव्हता! नाव विचारल्यावर बाई उठून उभी राहिली. डावं मनगट सुजून टम्म झालं होतं.

“मरायला नाही निघाली मी. भंडाऱ्याला माहेरी जाऊन राहिली. शेवटची बस चुकली, आता पहाटेचीच.”

मग तिनं विचारलं, “मी इथं आहे हे कसं कळलं तुम्हाला?”

“मोबाइलवरून.”

“म्हणजे त्यालेबी कळलं?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. हवालदारांनी भावाला गाडीचे कागद दाखव म्हणून गेटवर अडकवून ठेवलं आणि मी दोघींना दुसऱ्या बाजूनं काढून सखी केंद्रात, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीच्या सरकारी केंद्रात, नेलं. तिथंच जबाब घेतला. सज्ञान बाई, आपल्या मर्जीनं घर सोडलं, पत्ता नवऱ्याला देऊ नये. मनगटाची तक्रार सकाळी देते म्हणाली.

ठाण्यात परतले तर नवरा टेबलापाशी. ती सुखरूप आहे, मिसिंग बंद करतोय, सही करा म्हटलं.

“कुठं आहे?”

“सुखरूप आहे.”

“काहून नाही सांगत? मीच कम्प्लेंट देली नं!”

तेवढ्यात सायबरच्या पोराचा फोन आला. बिचारा अजून जागाच होता. “मॅडम, नंबर आता बंद येऊन राहिला. पुन्हा मेल टाकू का?”

“नको,” म्हटलं, “बंदच राहू दे.”