अक्सब्रिजचा बंकर आणि बेंटली प्रायरी: एका दिवसात दोन्ही करायला जाऊ नका

आधी निकाल सांगतो, रडगाणं नंतर. ही दोन्ही लंडनमधली, दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश हवाई दलाची ठाणी. अक्सब्रिजचा बंकर चुकवू नका. बेंटली प्रायरी विषयाचं वेड असेल तरच. आणि दोन्ही एकाच दिवसात, तेही फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर, अजिबात नको. मी तेच केलं आणि आता गुडघा शेकत हे लिहितोय.

हॅरोला राहणारा माझा मेहुणा म्हणाला होता, "दाजी, दोन्ही आमच्या बाजूलाच आहेत. जेवायला घरीच या दुपारी." त्याचं घर दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतं हे खरं आहे. पण तो स्वतः दोन्हींपैकी एकाही ठिकाणी गेलेला नाही, हे संध्याकाळी कळलं.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १४ जुलै १९३६ ला ब्रिटनच्या हवाई दलाने फायटर कमांड उभी केली. देशाचं आकाश राखायचं आणि त्यासाठी लागणारी लढाऊ विमानं नि वैमानिक तयार ठेवायचे, हे तिचं काम. मुख्यालय लंडनच्या वायव्येला, स्टॅनमोरच्या टेकडीवरच्या बेंटली प्रायरी या जुन्या हवेलीत. प्रमुख ह्यू डाउडिंग. हा गृहस्थ तरुणपणी हिंदुस्थानात डोंगरी तोफखान्यात होता. हवाई दलात त्याचं टोपणनाव 'स्टफी', म्हणजे शाळेतली पोरं एखाद्या मास्तरांना 'आखडू' म्हणतात त्यातला प्रकार. लंडन आणि आग्नेय इंग्लंडची जबाबदारी ११ नंबरच्या ग्रुपवर. त्याचं ठाणं अक्सब्रिजला आणि प्रमुख न्यूझीलंडचा कीथ पार्क. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांचा सगळ्यात जास्त मार याच ग्रुपने खाल्ला.

अक्सब्रिजला जायला लंडनच्या भुयारी रेल्वेची मेट्रोपॉलिटन लाइन घ्या. पिकाडिलीही तिथेच संपते, पण ती प्रत्येक खांबाला थांबत असल्यासारखी जाते. स्टेशनपासून पाऊण तास लागेल असं धरून निघालो होतो, वीस मिनिटांत पोचलो. खाली बंकरमध्ये गाइडबरोबरच सोडतात, तेव्हा वेळ आधी बुक करा. जमिनीखाली साठ फूट, ७६ पायऱ्या. सिंहगड चढणाऱ्याला त्यात काही वाटणार नाही, पण खालच्या थंडीत तासभर उभं राहून परत वर येताना माझा डावा गुडघा बोलायला लागला. स्वेटर न्या.

खाली उतरल्यावर मात्र मी गप्प झालो. मधोमध आग्नेय इंग्लंडचा नकाशा रंगवलेलं मोठं टेबल. भिंतीवर घड्याळ, त्याच्या तबकडीवर पाच-पाच मिनिटांच्या लाल, पिवळ्या, निळ्या फाका. काटा ज्या रंगात असेल त्या रंगाचा बाण नव्या बातमीबरोबर टेबलावर जाई. त्यामुळे वर बसलेल्या अधिकाऱ्याला नुसत्या रंगावरून कळे, कुठली बातमी ताजी आणि कुठली दहा मिनिटांपूर्वीची. शिळी बातमी टेबलावर राहूच द्यायची नाही. लांब काठ्यांनी हे बाण नि ठोकळे सरकवणाऱ्या बहुतेक मुली होत्या, हवाई दलाच्या महिला शाखेतल्या. समोरच्या भिंतीवर प्रत्येक स्क्वाड्रनच्या (म्हणजे विमानांच्या तुकडीच्या) नावाखाली दिव्यांची रांग असे: कोण तयार, कोण हवेत, कोण शत्रूशी भिडलंय, कोण पेट्रोल भरायला उतरतंय.

१५ सप्टेंबर १९४० ला चर्चिल वरच्या काचेमागे बसून हे दिवे बघत होता. एकेक करून सगळे लागले. त्याने पार्कला विचारलं, राखीव किती? पार्क म्हणाला, एकही नाही. त्या रात्री सरकारने जाहीर केलं की जर्मनांची १८५ विमानं पाडली. युद्धानंतर जर्मन कागद तपासले तेव्हा आकडा साठच्या आसपास निघाला. फेकाफेक म्हणून नाही, एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या की तिघेही आपलंच म्हणून सांगतात. इथे मला दिवसभर थांबता आलं असतं. थांबायला हवं होतं.

आता वाईट भाग. अक्सब्रिजहून मेट्रोपॉलिटनने वेम्बली पार्क, तिथे गाडी बदलून ज्युबिली लाइनने स्टॅनमोर, शेवटचं स्टेशन. इथपर्यंत बरोबर. बाहेर आल्यावर मेहुण्याचा सल्ला आठवला: "बस कशाला, दहा मिनिटांचं चालणं." फोनमध्ये 'बेंटली प्रायरी' टाकलं. नकाशाने ज्या ठिकाणी टाचणी टोचली ते म्युझियम नव्हतंच, ते त्याच नावाचं मोकळं रान आहे. हवेलीच्या खालच्या अंगाला पसरलेलं, झाडीचं, आदल्या रात्रीच्या पावसाने भिजलेलं. मी आपला निमूट चाललो. घोट्यापर्यंत चिखल. कुंपणापलीकडे हरणं (तिथे हरणांचं खाजगी राखीव कुरण आहे), एक हरीण माझ्याकडे असं बघत होतं की जणू त्यालाही माहीत होतं. वर झाडांतून हवेलीचा मनोरा दिसतो. दिसतो, पण तिकडे जायला वाट नाही. कुंपणाच्या कडेने पुढे गेलो, मागे आलो, कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, तुम्ही आजचे तिसरे. गेट टेकडीच्या पार दुसऱ्या अंगाला, मोठ्या रस्त्यावर आहे. उतरलो, वळसा घातला, पुन्हा चढ. दहा मिनिटांच्या चालण्याला मला एक तास चाळीस मिनिटं लागली.

तर नीट ऐका. स्टॅनमोर स्टेशनवरून १४२ नंबरची बस घ्या, ती टेकडी चढून वर जाते. चालायचंच असेल तर मोठ्या रस्त्यानेच, दोन मैलांचा चढ धरा. नकाशात म्युझियमचं पूर्ण नाव टाका. आणि म्युझियमचे दिवस तपासा, ते रोज उघडं नसतं. आवारात आता श्रीमंतांची घरं झाली आहेत, त्यामुळे गेटवर सिक्युरिटी आहे. चिखलाने माखलेल्या पँटमध्ये मी 'म्युझियम' म्हणालो तेव्हा त्याने दोनदा बघितलं.

आत जायला मिळालं तेव्हा बंद व्हायला तास उरला होता. पहिला धक्का: इथे बंकर बघायला मिळत नाही. मार्च १९४० मध्ये इथेही जमिनीखाली ऑपरेशन्स रूम सुरू झाली होती, पण हवाई दलाने २००८ मध्ये जागा सोडली आणि २०१३ मध्ये म्युझियम उघडलं ते हवेलीत, जमिनीच्या वर. खाली उतरायच्या अपेक्षेने येऊ नका.

तरीही फिल्टर रूमची माहिती जिथे आहे तिथे थांबा. किनाऱ्यावरच्या रडार केंद्रांतून फोनवर येणारी प्रत्येक बातमी आधी इथे येई, कारण ती बातमी अर्धीच खरी असे. त्या रडारला विमान किती दूर आहे हे चांगलं कळे, पण नेमकं कुठल्या दिशेला हे धड कळत नसे. मग फिल्टर करणारा दोन केंद्रांपासून अंतराचे दोन कंस काढी, आणि ते जिथे एकमेकांना छेदतील तिथे विमान. एवढी साधी भूमिती, भूगोलाच्या वहीत काढावी तशी, फक्त काही सेकंदांत. किनारा ओलांडून विमान आत आलं की रडार आंधळं. तिथून पुढे ऑब्झर्व्हर कॉर्पचे हजारो स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन टेकाडांवर.

हे सगळं आधीपासून बिनचूक चालत होतं असं समजू नका. ६ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध सुरू होऊन तीन दिवस झालेले असताना, चुकीच्या इशाऱ्यावरून स्पिटफायर लढाऊ विमानं वर गेली आणि त्यांनी आपलीच दोन हरिकेन विमानं पाडली. मॉन्टेग्यू हल्टन-हॅरप नावाचा वैमानिक त्यात गेला. त्यानंतर आपलं विमान कुठलं नि परकं कुठलं, हे ओळखण्याचं काम घाईने मार्गी लागलं. फिल्टर रूमसमोर उभं राहून माझ्या डोक्यात सारखं तेच रान येत होतं.

डाउडिंगची खोली बघा. १६ मे १९४० ला त्याने वरिष्ठांना पत्र लिहिलं: घर राखायला ५२ स्क्वाड्रन लागतील असं तुम्हीच ठरवलं होतं, माझ्याकडे ३६ उरल्यात, फ्रान्सला आणखी पाठवलीत तर सगळंच जाईल. त्या पत्राने कमांड वाचली असं मानतात. बक्षीस म्हणून नोव्हेंबरात डाउडिंगला हटवलं, डिसेंबरात पार्कलाही. पार्कला प्रशिक्षणाच्या कामावर धाडलं. माझ्या मते निव्वळ कृतघ्नपणा.

प्रशिक्षणाचा भाग घाईत बघितला, त्याची हळहळ आहे. विमानांपेक्षा माणसं कमी पडत होती. ऑगस्ट १९४० मध्ये प्रशिक्षण तुकड्यांतून जेमतेम २६० वैमानिक बाहेर पडले आणि गमावले ३०० च्या वर. सटन ब्रिज, अ‍ॅस्टन डाउन आणि हॉवर्डनच्या तुकड्यांतला अभ्यासक्रम दोन आठवड्यांवर आणला. सप्टेंबरात डाउडिंगने स्क्वाड्रनची तीन श्रेणींत वाटणी केली. 'क' श्रेणीत पाच-सहा अनुभवी वैमानिक आणि बाकी नवशिके, म्हणजे लढाऊ स्क्वाड्रनचंच ट्रेनिंग स्कूल. डिसेंबरात या कामासाठी ८१ नंबरचा वेगळा ग्रुप काढला. त्याच शरदात हिंदुस्थानातून २४ वैमानिक इंग्लंडला आले. त्यांतले महिंदर सिंग पुज्जी हरिकेनवर गेले. त्यांचा पुतळा ग्रेव्हसेंडला आहे. तिकडे मी गेलो नाही, गुडघा.

दुसऱ्या दिवशी हेंडनचं हवाई दलाचं म्युझियम केलं. कॉलिन्डेल स्टेशन, चालत जाता येतं, फुकट आहे, विमानं खरी आहेत. छान आहे. जा.

आता बेंटली प्रायरीहून परतीचं. गेटबाहेर येऊन मी बसथांब्यावर अर्धा तास उभा होतो. तिथे खाजगी टॅक्सीवाला आला, स्टेशनचे अठरा पौंड म्हणाला. दोन मैलांचे अठरा पौंड! दिले. बसताना बघितलं तर १४२ समोरच्या बाजूने, उताराला, स्टेशनकडे निघाली होती. मी उभा होतो चढाच्या बाजूला. तिथली बस वॉटफर्डला जाते.