फ्लोरेसमध्ये किलोमीटर मोजू नका

लाबुआन बाजो ते माउमेरे. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. रस्त्याने ते पाचशेच्या वर जातं आणि त्यात सपाट तुकडा शोधावा लागतो. इंडोनेशियातलं हे बेट पश्चिमेकडून पूर्वेकडे पार करायला मी नऊ दिवस धरले होते, लागले तेरा. गाइड नाही, स्वतःची गाडी नाही, पाठीवर अकरा किलोंची सॅक आणि तोडकीमोडकी बहासा, म्हणजे इंडोनेशियाची भाषा.

बहुतेक पर्यटक लाबुआन बाजोला उतरतात, बोटीने कोमोडो ड्रॅगन बघून येतात आणि परततात. पुढे गर्दी संपते, आणि सोयीही.

गावाहून गावाला जायला इथे 'ट्रॅव्हल', म्हणजे शेअर गाडी. ती स्टँडवर जाऊन शोधण्यात अर्थ नाही. आदल्या संध्याकाळी होमस्टेच्या मालकांना सांगा. ते चालकाला फोन करतात आणि गाडी दारात येते. सातची वेळ ठरली असेल तर साडेआठला. मग ती गावभर फिरून माल आणि माणसं गोळा करते: तांदळाची पोती, पाय बांधलेला कोंबडा, कुणाची तरी आजी. या प्रकाराला तिथे 'जाम कारेत' असा शब्दच आहे, म्हणजे रबरी वेळ. पहिल्या दिवशी मी जाम वैतागले. रुतेंग फक्त १३० किलोमीटर, आणि पोचायला दुपार टळून गेली. पुढची सीट फोन करतानाच मागून घ्या. मागे वळणावळणाला कुणी ना कुणी ओकत असतं, त्यासाठी पिशव्या गाडीत टांगलेल्याच असतात. गोळी घ्यायची तर निघण्याआधी घ्या, घाट लागल्यावर उपयोग नाही. आणि रविवार सकाळचा बेत नकोच. बेट मुख्यतः कॅथलिक आहे, चालकसुद्धा चर्चमध्ये असतात.

उष्णकटिबंधातलं बेट म्हणून मी स्वेटर घरीच ठेवला होता. रुतेंग अकराशे मीटरच्या वर आहे. रात्री दोन चादरी आणि रेनकोट पांघरून झोपले. बजावाही तसंच गार. सुकायला घातलेले कपडे दोन दिवस ओलेच राहिले.

दुसरी चूक महिन्याची. मी मार्चअखेर गेले, पावसाची शेपटी बाकी होती. वाए रेबो या डोंगरातल्या गावाची चढण चिखलाची झाली होती आणि मोज्यात जळवा निघाल्या. तरीही ती रात्र चुकवू नका. शंकूसारखी सात घरं, 'म्बारु नियांग', डोंगरांच्या वाटीत उभी आहेत. पाहुणे त्यांतल्याच एका घरात चटयांवर ओळीने झोपतात. पोचल्याबरोबर स्वागताचा विधी होतो आणि तो होईपर्यंत कॅमेरा बाहेर काढायचा नसतो. हे आधी माहीत असलेलं बरं, माझ्यापुढच्या जोडप्याला नव्हतं.

बजावा-एंडे रस्त्यावर दरड कोसळली आणि चार तास जागच्या जागी. तिथल्या तिथे बाजार भरला, एक बाई उकडलेली केळी आणि मिरचीचा ठेचा घेऊन आल्या. आमच्या चालकाने गाडीखालीच झोप काढली. हिरवाई आणि कोरडा रस्ता दोन्ही हवं असेल तर मेच्या सुमारास जा.

रोख पैसे मोठ्या गावातच काढून ठेवा. मोनी किंवा वाए रेबोसारख्या लहान गावांत कार्डाच्या भरवशावर जाऊ नका. मोठ्या गावांतली बरीच एटीएम यंत्रंही आधी नोटा देतात आणि कार्ड नंतर. मी नोटा मोजत बाहेर पडले, कार्ड आतच. दुसरं कार्ड सॅकच्या तळाशी होतं म्हणून निभावलं.

शाकाहारी असाल तर टोफू-टेंपे बहुतेक ठिकाणी मिळतं, पण साम्बालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, अनेकदा 'तेरासी', म्हणजे कोळंबीची पेस्ट असते. विचारून घ्या. मलेरियाचं डॉक्टरांशी निघण्याआधीच बोला.

बजावाजवळच्या बेना गावाला मी अर्धाच दिवस दिला, हे आजही खटकतं. अंगणाच्या मधोमध गवती छत्र्यांसारखे 'न्गाधू' उभे, ते पुरुष पूर्वजांसाठी. शेजारची बुटकी घरं 'भागा', स्त्री पूर्वजांसाठी. मागे इनेरी ज्वालामुखी.

केलिमुतू हा तीन रंगीत तळ्यांचा ज्वालामुखी, त्याच्यासाठी जवळच्या मोनीत दोन रात्री ठेवा. एकच ठेवलीत आणि सकाळी ढग उतरले, तर संपलं. पहिल्या पहाटे मला पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसलं नाही. दुसऱ्या पहाटे तिन्ही तळी दिसली, एक निळसर-हिरवं, बाकीची दोन गडद. ज्वालामुखीच्या वायूंमुळे पाण्याचं रसायन बदलतं आणि रंगही. त्यामुळे फोटोतला रंग मनात धरून जाऊ नका. इथल्या लिओ लोकांच्या समजुतीनुसार मृतांचे आत्मे इथे येतात: म्हातारे, तरुण आणि दुष्ट, प्रत्येकाचं तळं वेगळं. वर जाताना होमस्टेवाल्यांची मोटारसायकल घेतली, उतरताना शेतांमधून चालत आले. गुडघे धड असतील तर तेच करा.

माउमेरेहून परतीचं विमान असेल तर आदल्या रात्री नव्हे, एक आख्खा दिवस आधी पोचा. पूर्वेकडचा लेवोतोबी ज्वालामुखी जागा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या राखेने विमानं बंद पाडली होती. माझं विमान वेळेवर सुटलं, पण तोवर माझ्याकडे मोकळा दिवसच उरला नव्हता. दरडीने आणि ढगांनी तो आधीच खाल्ला होता.