सात मात्रा खऱ्या, पण सम कुठे?

तबल्याची तोंडओळख असलेले पियानोवादक हटकून विचारतात: रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हच्या सातव्या पियानो सोनाटाचा (अनेक भागांच्या रचनेचा) शेवटचा भाग सात मात्रांचा आहे, मग तो रूपक तालात मोजला तर चालेल का?

चालेल, फक्त समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, सुरुवात करू नका. रूपकाचे विभाग 3-2-2, इथला बार, म्हणजे सात मात्रांचं एक आवर्तन, 2-3-2. म्हणजे रूपकाची सहावी मात्रा ही इथली पहिली. ‘धीं ना, तीं तीं ना, धीं ना’ असं म्हणत टाळी द्या, हिशेब चोख जुळतो. गोची अशी की रूपक मुरलेला कान बारच्या तिसऱ्या मात्रेलाच सम मानून बसतो. मग पहिल्या दोन मात्रा मुखड्याच्या शेपटीसारख्या हलक्या पडतात आणि सगळा तोल एका विभागाने सरकतो. म्हणून पहिली ‘धीं’ मुद्दाम ठासून म्हणा.

1942 साली पूर्ण झालेला हा सोनाटा पियानोवादक रिख्टरने जानेवारी 1943मध्ये मॉस्कोत पहिल्यांदा वाजवला. हा शेवटचा भाग जेमतेम साडेतीन मिनिटांचा, पण डाव्या हाताला उसंत नाही. खर्जात बी फ्लॅट, सी शार्प, पुन्हा बी फ्लॅट हीच आकृती फिरत राहते. पेटीच्या भाषेत काळी पाच, काळी एक, काळी पाच. काळी पाचचा सा धरला तर सी शार्प हा कोमल गंधार, आणि उजव्या हाताच्या कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या सुरांत) शुद्ध गंधार. दोन्ही गंधार म्हटल्यावर राग जोग आठवेल, पण नातं तेवढ्यावरच संपतं. ही टक्कर कानाला बोचली पाहिजे, कोमल गंधार दबकत वाजवू नका.

मेट्रोनोम (लय देणारं यंत्र) मिनिटाला 120 टिकांवर लावून एका टिकेला एक मात्रा घ्या, म्हणजे बार साडेतीन सेकंदांचा होतो. मैफलीत तोच बार साधारण सव्वा सेकंदात उरकायचा असतो. वेग वाढला की चूक बहुधा दोनच ठिकाणी होते. मधल्या तिनातली एक मात्रा गिळली जाते आणि बार सहाचा होतो, नाहीतर खर्जावर परतताना हाताला उशीर होतो आणि बार आठचा होतो. दुसरी चूक जास्त फसवी, कारण आठ मात्रा कानाला सुखाच्या वाटतात. तीस सेकंद रेकॉर्ड करा आणि ऐकताना टाळी देऊन बघा, लगेच उघडं पडतं. उपाय म्हणजे डावा हात एकटा घ्यायचा आणि सूर वाजण्याआधीच पुढच्या पट्टीवर पोचवायचा.

या भागाच्या स्वरलिपीवर ‘प्रेचिपितातो’ लिहिलंय, म्हणजे उतावीळ. तो स्वभाव झाला; वेग चढवत न्यायची परवानगी नव्हे. दुसऱ्या पानावरच हात दगडासारखा झाला तर आवाज कमी करा, वेग नको. सगळ्यात लांब उड्या शेवटी आहेत, तिथे मनगट सैल लागतं. आणि सूर लांबवणारं पेडल प्रत्येक बारला सोडा, नाहीतर खर्जातला बी फ्लॅट साचून दोन्ही गंधार एकाच चिखलात जातात.