घर बघायचं तर भर पावसात

गोव्यात जुनं घर घ्यायचं असेल तर ते भर पावसात बघावं, असं माझं ठाम मत आहे. डिसेंबरात नुकताच रंग दिलेलं कुठलंही घर देखणंच दिसतं. आमच्याकडे वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. घर कुठे गळतं ते तेव्हाच कळतं.

धाकट्या भावाला फोंड्याजवळचं एक कौलारू घर आवडलं. दलाल म्हणत होता, चतुर्थी झाली की या. मी हट्टाने जुलैतच नेलं, सोबत ओळखीचे सुतारमामा.

मामांनी कौलांकडे फारसं बघितलंच नाही. फुटलेलं कौल बदलता येतं. शिडी लावून ते थेट वाशांच्या टोकांशी गेले, जिथे वासा भिंतीवर टेकतो. ओल तिथे साचते, वाळवीही तिथेच लागते. मागच्या पडवीच्या वाशांत स्क्रू-ड्रायव्हर सहज आत गेला. मग भिंती. चिरा, म्हणजे इथला जांभा दगड, पाणी पितो. चुन्याचा गिलावा असेल तर ते पुन्हा सुकून जातं, पण इथे कुणीतरी वरून सिमेंट थापलेलं. न्हाणीघरामागची भिंत गुडघ्याएवढी ओली होती आणि गिलावा ठोकला की पोकळ वाजत होता.

विहीर काठोकाठ भरलेली, पण जुलैत कुणाची नसते? शेजारच्या काकींना मे महिन्याचं विचारलं. मेच्या मध्यापर्यंत पुरतं म्हणाल्या, मग नळावर भिस्त.

एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, आणि सर्व्हेचा नकाशा वकील बघतायत. दोन गोष्टी मात्र मी स्वतः विचारल्या. इथल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात, आणि हे घर तर वडिलोपार्जित. तेव्हा मालकाच्या भावंडांच्याच नव्हे, त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या मिळणार का? आणि परसातल्या छोट्या घरात कोण राहतं? ते मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे, असतील तर 1975च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. भाऊ संकोचला, "ताई, पहिल्याच भेटीत असं विचारायचं?" पहिल्याच भेटीत विचारायचं.

घर मलाही आवडलंय. मामा वाशांचा आणि त्या भिंतीचा खर्च काढतायत. तो आकडा हातात आल्याशिवाय इसार द्यायचा नाही, असं भावाला बजावलंय.