पोरं, गळ आणि रेवदंड्याची खाडी

आमच्या वस्तीतली आठवी-नववीतली पोरं मी सुट्टीत रेवदंड्याला नेतो, मासे पकडायला. शिकारीला जाऊया ना दादा, असं दरवेळी कोणतरी म्हणतंच, पण ती आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे, गळ मात्र टाकता येतो.

पहिलं शिकवतो ते भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग (म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी), आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, हे पोरं बोटांवर मोजायला लागली की जाम भारी वाटतं, कारण शाळेत हीच पोरं गणितात ढ म्हणून मागच्या बाकावर असतात. मग गळाला कोळंबी लावायची आणि गप्प बसायचं, मोबाईल बॅगेत. हे सगळ्यात अवघड. शेंगटी (मिशावाला मासा) लागली तर हात लावायचा नाही, आधी मला हाक मारायची, तिचा काटा विषारी असतो. बोटाएवढं पिल्लू आलं तर हात ओला करून धरायचं नि परत पाण्यात, यावर मी कुणाचं ऐकत नाही.

तिथले एक कोळी काका पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) फेकून दाखवतात. घरी कुणाशी धड न बोलणारा आमचा एक पोरगा तासभर त्यांना प्रश्न विचारत बसला होता, काका पण न कंटाळता सांगत होते!

पावसाळ्यात खाडीवर नेत नाही, आता नारळी पौर्णिमेनंतरच. लहान मापाची लाईफ जॅकेटं कुणाकडे पडून असतील तर प्लीज सांगा, घ्यायला मी येतो.