आमची वाटचाल : अडकलेल्या किंग पिनचं काम

कळंबोलीत आमचं ट्रकच्या पुढच्या एक्सलचं वर्कशॉप आहे. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर ओढणारे ट्रेलर आणि स्टील मार्केटच्या गाड्या हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. खाडीची खारी हवा, पावसाळ्यात रस्त्यावर साचलेलं पाणी आणि वरचेवर चुकणारं ग्रीसिंग यामुळे सुरुवातीपासून आमच्याकडे दोन तक्रारी जास्त आल्या : निघत नसलेली किंग पिन (जिच्याभोवती पुढचं चाक वळतं ती उभी जाड पिन) आणि सुटत नसलेले टाय रॉडचे (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे) बॉल जॉइंट. इंजिनाची कामं हळूहळू बंद करून आम्ही याच कामाचं वर्कशॉप केलं.

सुरुवातीला हत्यारं म्हणजे घण, सुंभा (ज्यावर ठोकून पिन बाहेर ढकलतात तो दांडा) आणि तापवायला गॅस. तेव्हा आसपास सगळीकडे तेच होतं. पण पिन कुठे अडकते हे पाहिलं की घणाचा उपयोग किती थोडा आहे ते कळतं. स्टब एक्सलचे (चाक बसतं त्या वळणाऱ्या भागाचे) वरचे-खालचे बुश, म्हणजे आतल्या नळ्या, पिनभोवती फिरतात, तिथे निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ग्रीस पोचतं. बीमच्या (आडव्या एक्सलच्या) टोकाच्या भोकात मात्र पिन कॉटरने, म्हणजे आडव्या पाचरीने, जखडलेली असते. तिथे ग्रीस जात नाही आणि पिन हलतही नाही. पिनच्या टोकावरच्या झाकणाचं (कॅपचं) पॅकिंग किंवा सील गेलं की पाणी त्या फटीत उतरतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो पिनला चहूबाजूंनी आवळतो. वरून घण मारला की पिनचं टोक फुलतं आणि ती आणखी घट्ट बसते.

म्हणून आम्ही पोर्टेबल हायड्रॉलिक प्रेस घेतला, ५० टनी. पण प्रेसच्या आधीची तयारी जास्त महत्त्वाची, आणि आमच्या मुलांना आम्ही तीच आधी शिकवतो.

मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, बीम उचलून स्टँडवर घ्यायचा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. काही खोलण्याआधी चाक वर-खाली धरून हलवायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर दोष किंग पिनचा, थांबला तर व्हील बेअरिंगचा. एवढी तपासणी न केल्यामुळे चांगल्या पिना उगाच बदलल्या जातात.

मग बॉल जॉइंट. स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून आडवी घातलेली दुपदरी पिन) काढून नट सैल करायचा, पण दोन-तीन आटे धरून ठेवायचा, म्हणजे जॉइंट सुटल्यावर टाय रॉड अंगावर येत नाही. स्टिअरिंग आर्मच्या (टाय रॉड ज्याला जोडलेला असतो त्या दांड्याच्या) भोकाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवायचा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्याने सणसणीत ठोका द्यायचा. भोक क्षणभर लांबट होतं आणि टेपर (जॉइंटचा निमुळता भाग) सुटतो. आट्यांवर मारलं तर आटे चेपतात आणि मग नटही निघत नाही. फोर्क (दोन टोकांची पाचर) घातला की रबरी बूट फाटतो, म्हणून जॉइंट बदलायचाच असेल तेव्हाच तो वापरायचा. बॉल जॉइंटला गॅस लावायला आमच्याकडे सक्त मनाई आहे : बूट जळतो, आतलं ग्रीस उकळून उसळू शकतं, आणि तापलेल्या स्टिअरिंग आर्मवर पुन्हा भरवसा ठेवता येत नाही.

यानंतर कॉटर. तो टेपर असतो, नटाकडची बाजू बारीक. नट आट्यांच्या टोकाशी समपातळीत आणून त्यावर पितळी सुंभा ठेवून ठोकायचं. कॉटर पूर्ण बाहेर आल्याशिवाय प्रेस लावला तर पिन, कॉटर आणि बीमचं भोक तिन्ही खराब होतात. कॉटर निघाला की त्याच्या रिकाम्या भोकातून गंज सोडवणारं तेल ओतायचं, कारण ते थेट पिनच्या मध्यावर पोचतं. वरून ओतलेलं तेल बुशपर्यंतच राहतं. शक्य असेल तर गाडी रात्रभर तशीच ठेवतो. मालकांना घाई असते, पण एका रात्रीने पुढचं निम्मं काम हलकं होतं.

वरची आणि खालची कॅप काढून प्रेस बसवतो, दाब चढवतो आणि तसाच धरून ठेवतो. दाबाखाली असताना बीमच्या टोकाला बाजूने हातोड्याचे ठोके देतो. पिन मोठा आवाज करत झटक्यात सुटते, म्हणून त्या रेषेत वर किंवा खाली कोणी नसावं. तरीही हलली नाही तर चुंबकी ड्रिलने पिनला उभं भोक पाडतो, आधी बारीक, मग पिनच्या व्यासाच्या साधारण निम्म्यापर्यंत. आतून पोकळ झाली की पकड ढिली होते. बीम मात्र तापवत नाही. तो फोर्ज करून (तापवून, ठोकून घडवून) टेम्पर, म्हणजे उष्णतेने आणलेली मजबुती, दिलेला असतो. लाल होईपर्यंत तापवला की टेम्पर जातो, आणि भरलेल्या गाडीचा सगळा पुढचा भार त्याच्यावरच असतो.

पुढे आम्ही लांब पायलटचा (सरळ धरणाऱ्या दांड्याचा) रीमर, म्हणजे बुशचं भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार, घेतला. वरचा आणि खालचा बुश वेगवेगळा रीम केला तर दोन्ही एका रेषेत येत नाहीत, स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. बुश बसवताना ग्रीसचं भोक निपलच्या भोकाशी जुळलंच पाहिजे, नाहीतर नवा बुश कोरडाच चालतो. थ्रस्ट बेअरिंगची (उभा भार घेणाऱ्या बेअरिंगची) बंद बाजू वर. शिम (पातळ चकती) टाकून उभा खेळ ०.१ ते ०.२ मि.मी. ठेवतो, गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच. पिन बसवताना बीमच्या भोकात अँटी-सीझ (भाग जाम होऊ न देणाऱ्या) पेस्टचा पातळ थर देतो, म्हणजे पुढच्या वेळी ती प्रेसवर सहज निघते.

आता टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवणं) बसवण्याचं कामही आम्ही इथेच करतो, कारण टाय रॉड सोडला की ते बिघडतं. कॅसल नटाची (वर खाचा असलेल्या नटाची) खाच बोल्टच्या भोकाशी जुळत नसेल तर नट पुढेच आवळायचा, मागे घ्यायचा नाही, आणि स्प्लिट पिन दरवेळी नवी घालायची. गाडी देताना ड्रायव्हरला चारही निपल हात लावून दाखवतो : जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारायची. एखादा निपल ग्रीस घेत नसेल तर तो सोडून पुढे न जाता निपल बदलून घ्यायचा. तेवढ्यासाठी आम्ही पैसे घेत नाही.