मुलांना चतुर दाखवायला नांदूर मध्यमेश्वरला

गेल्या रविवारी मुलांना घेऊन नांदूर मध्यमेश्वरला जाऊन आलो, पण पक्षी बघायला नाही, चतुर (ड्रॅगनफ्लाय) बघायला. लेक सात वर्षांची, भाचा नऊचा. महिन्यापूर्वी भाच्याने सोसायटीच्या बागेत एक चतुर पकडून त्याच्या शेपटीला दोरा बांधला होता, मुलं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात ना, तसा उडवत होता. मी ओरडणारच होते पण लहानपणी आम्हीही हेच केलंय, त्यामुळे ओरडायच्या ऐवजी म्हटलं चल, तुला हे न पकडता बघायला शिकवते.

नाशिकहून निफाडच्या बाजूला साधारण ४० किलोमीटर, चापडगावला जायचं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा आहे, त्यात गाळ साठत साठत हे पाणथळ तयार झालंय, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. बहुतेक लोक डिसेंबर-जानेवारीत येतात पक्ष्यांसाठी. चतुरांसाठी मात्र पाऊस संपल्यावर लगेचच या, आणि पहाटे उठायची अजिबात गरज नाही! चतुराला उडायला अंग तापावं लागतं, आम्ही साडेआठला पोचलो तर गवतावर नुसते बसलेले होते, पंखांवर दव तसंच. नऊनंतर खरी धमाल.

आता मुलं असली की पहिली पाच मिनिटं पळापळच होते, आणि मग चतुर दिसतच नाहीत. आमचंही तेच झालं. शेवटी मी एक वाळकी काडी काठाच्या चिखलात रोवली आणि तिघं हातभर मागे उकिडवे बसलो. तीन-चार मिनिटांत पिवळसर केशरी पंखांचा एक येऊन बसला. उडाला की मुलांचा चेहरा पडायचा, मी म्हटलं मोजा. अकरा आकडे झाले आणि तो परत त्याच काडीवर, तेच टोक, तेच तोंड. मग भाच्याला जे वेड लागलं! चौदा, सात, बावीस, असा अर्धा तास मोजत बसला, आणि दोन वेळा तो परतला तेव्हा तोंडात चिलट होतं, जबडा हलताना साध्या डोळ्यांनी दिसत होता. काही जाती अशा ठरलेल्या जागी परत येतात, त्यामुळे पाठलाग करायचाच नाही, काडी रोवा आणि बसा, मुलांसाठी याहून सोपं काही नाही.

चतुर आणि त्याच्यासारखाच दिसणारा नाजूक कीटक टाचणी (डॅम्सेलफ्लाय) यांतला फरक मुलं लगेच पकडतात. बसल्यावर पंख विमानासारखे पसरलेले आणि डोळे बहुधा एकमेकांना भिडलेले तो चतुर, काडीसारखी बारीक, डोळे दोन बाजूंना आणि बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटलेली ती टाचणी. हिरव्या-काळ्या पट्ट्यांच्या एका मोठ्या चतुराने आमच्यासमोर टाचणी पकडून खाल्ली तेव्हा लेकीच्या डोळ्यात पाणी आलं. मी लपवलं नाही, सांगितलं की हे शिकारीच आहेत, पाण्यात पिल्लू असतानाही डासांच्या अळ्या खातात. माणसाला मात्र नांगी मारत नाहीत, त्यांना नांगी नसतेच.

सगळ्यात भारी गोष्ट लेकीने शोधली. पाणकणसाच्या पात्यावर, पाण्यापासून वीतभर वर, चतुराच्या पिल्लाची एक रिकामी कात चिकटलेली. पाठीवर चीर, आणि चिरेतून पांढरे बारीक दोरे लोंबत होते. ते श्वासनलिकांचं अस्तर असतं, चतुर बाहेर पडताना तेही मागे सोडून जातो. म्हणजे हा प्राणी आधी पाण्यात राहायचा, हे तिला मी सांगून पटलं नव्हतं, त्या दोऱ्यांनी पटलं. काढू नका, फोटो घ्या.

अकराच्या सुमाराला ऊन चढलं तेव्हा काडीवरच्या साहेबांनी शेपूट सरळ सूर्याकडे उभं केलं. अंगावर कमी ऊन पडावं म्हणून. मुलं तिथेच शीर्षासन करायला लागली!

परतताना द्राक्षबागांच्या कडेच्या मोकळ्या रानावर पिवळे चतुर न बसता नुसते तरंगत होते, शंभरएक तरी. हे भटके. २००९ मध्ये चार्ल्स अँडरसन या मालदीवमध्ये राहणाऱ्या शास्त्रज्ञाने मांडलं की हे भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात. भाचा गाडीतून मान वळवून बघत राहिला.

जाणाऱ्यांसाठी थोडं. काठाचा चिखल वरून वाळलेला दिसतो पण आत पाय जातो, भाच्याची चप्पल गेलीच, म्हणून पट्ट्याचे सँडल किंवा बूट आणि फुल पँट, आणि मुलांचा हात सोडायचा नाही. गवतात काठी आपटत चाला, साप असतात. टोपी आणि प्रत्येकी लिटरभर पाणी, ऑक्टोबरचं ऊन फसवतं. खाणं घरून न्या, बाथरूम वाटेत निफाडच्या आसपास उरकून घ्या. दुर्बीण नसली तरी चालेल, मोबाईलचा झूम पुरतो. जाळी नेऊ नका. बागेत फवारणी चालू दिसली तर तिथे थांबू नका.

भाच्याने काल बाल्कनीतल्या कुंडीत एक काडी रोवलीय, अजून कोणी आलं नाही, पण शाळेतून आला की आधी तिथे जातो.